ब्लॉकर लावूनही काम होत नाही त्यांच्यासाठी

कऱ्हाकाठ (धागालेखिका)

कामाच्या वेळेत नको त्या साइट्स बंद ठेवणारं एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) इथल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी लावलं असेल, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ते काढूनही टाकलं असेल. काढलं की आपण स्वतःला आळशी म्हणून मोकळे होतो. मला वाटतं दोष तिथे नाही. ज्या साइटवर वेळ जातो त्याच साइटवर काम असतं, ही खरी पंचाईत आहे. "यूट्यूब ब्लॉक करा, फेसबुक ब्लॉक करा" असं सांगणाऱ्यांना बहुधा त्या साइट्सवर काही काम नसतं.

मी घरून भाषांतरं करते, जास्त करून शेतीच्या यंत्रांची माहितीपत्रकं. फवारणी पंपाचं नोझल कसं बसवतात हे पाहिल्याशिवाय त्याचं वाक्य मराठीत धड उतरत नाही, आणि पाहायची जागा म्हणजे यूट्यूब. नोझल दीड मिनिटात समजतं. तोवर उजव्या बाजूला कुणीतरी पडक्या विहिरीत उतरलेलं असतं, कुणीतरी गंजलेला ट्रॅक्टर पुन्हा सुरू करत असतं. अख्खं यूट्यूब बंद केलं तर काम अडतं, उघडं ठेवलं तरी काम अडतं.

म्हणून मी साइट बंद करणं सोडलं आणि साइटचा तुकडा बंद करायला लागले. लीचब्लॉक नावाचं एक्स्टेन्शन आहे, फुकट आहे, फायरफॉक्स, क्रोम, एज तिन्हींवर चालतं. त्यात बंद करायच्या पत्त्यांच्या यादीत यूट्यूब टाकायचं आणि खाली अधिक चिन्ह लावून यूट्यूबचा तो पत्ता टाकायचा ज्यात तिरक्या रेघेपुढे 'वॉच' येतं (अर्थात इंग्रजी अक्षरांत). अधिक चिन्ह म्हणजे 'हे सोडून'. आता कुणी पाठवलेला किंवा गुगलवर शोधून मिळालेला व्हिडिओ उघडतो, पण यूट्यूबचं पहिलं पान उघडत नाही आणि शॉर्ट्सही नाहीत. उजवीकडची शिफारशींची रांग मात्र यानं जात नाही. तिच्यासाठी अनहुक नावाचं वेगळं एक्स्टेन्शन लावलंय. शिफारशी, शॉर्ट्स, प्रतिक्रिया, जे नको ते त्यात टिक करून लपवता येतं.

माझा नियम असा झालाय: मी मागितलेलं पान उघडं, मी न मागता वाढलेलं पान बंद. फेसबुकवर भाषांतरकारांचा एक ग्रुप कामाचा आहे, त्याचा पत्ता अधिक चिन्हानं सोडवला, बाकी फेसबुक सकाळी ९ ते संध्याकाळी ६ बंद.

तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. "इच्छाशक्ती हवी" एवढंच लिहायचं असेल तर तेही लिहा, पण मग स्वतः दिवसभर काय करता तेही सांगा. :)

अर्धा_कप

हा धागा ऑफिसच्या वेळेत वाचतोय. वाचनखूण साठवली आहे (वाखुसा).

बोरघाट

एवढ्या एक्स्टेन्शनांची गरज नाही. विंडोजमध्ये सी ड्राइव्हवर विंडोज, मग सिस्टम३२, मग ड्रायव्हर्स, मग ईटीसी या फोल्डरात 'होस्ट्स' नावाची फाइल असते. नोटपॅड 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून ती उघडा, नवी ओळ घाला: टिंबांनी जोडलेली चार शून्यं, एक मोकळी जागा, मग साइटचा पत्ता. सेव्ह करा. साइट गेली, आणि एका ब्राउझरमधून नाही, सगळ्याच ब्राउझरांतून गेली. लिनक्स आणि मॅकवरही हीच फाइल ईटीसी फोल्डरात असते. बाहेरचं काही बसवायला लागत नाही.

एक लक्षात ठेवा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला असे दोन्ही पत्ते वेगवेगळ्या ओळींत लिहावे लागतात. या फाइलला 'अमुकने संपणारं सगळं' अशी भाषा कळत नाही.

कऱ्हाकाठ

@बोरघाट, मी होस्ट्स फाइल वापरून पाहिलीय, पण तिला फक्त साइटचं नाव दिसतं, पुढचं पान दिसत नाही. यूट्यूबचं पहिलं पान बंद आणि नोझलचा व्हिडिओ चालू, हे तिला जमणार नाही. ज्या साइटचं कामात काडीचंही काम नाही तिच्यासाठी मात्र तुमचा उपाय एक नंबर. क्रिकेटच्या स्कोअरच्या साइट्स मी तिथेच टाकल्यात.

निवृत्त_पण_जागृत

आम्ही बँकेत पस्तीस वर्षं काउंटरवर बसलो. समोर रांग असली की लक्ष आपोआप लागतं. तुमच्या समोर रांग नाही, हा खरा रोग आहे. यंत्रानं यंत्राला आवर घालायचा हा प्रकार मला तरी हास्यास्पद वाटतो. मन ताब्यात नसेल तर तुम्ही एक साइट बंद कराल आणि ते दुसरी शोधेल. हलकं घ्या (ह. घ्या.).

अर्धा_कप

काका, तुमचे या आठवड्यातले प्रतिसाद पाहिले. तुमच्यासमोरही सध्या रांग नसावी. ह. घ्या.

बे_एरियातून

निवृत्त_पण_जागृत यांचा मुद्दा चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. 'मन दुसरी साइट शोधेल' हे तपासून पाहिलं गेलंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या ग्लोरिया मार्क गेली वीसेक वर्षं लोकांचं स्क्रीनवरचं लक्ष मोजतायत. २००४ च्या सुमारास माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, अलीकडच्या मोजणीत तो आकडा ४७ सेकंदांवर आलाय. त्यांचंच दुसरं निरीक्षण असं की व्यत्ययांपैकी जवळपास निम्मे आपले आपणच आणतो. फोन वाजत नाही, कुणी हाक मारत नाही, तरी हात नव्या टॅबकडे जातो.

मायक्रोसॉफ्टमधल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ब्लॉकरवरच एक छोटा प्रयोग केला होता. ३२ जणांना आठवडाभर लक्ष विचलित करणाऱ्या साइट्स बंद करणारं सॉफ्टवेअर दिलं. लोकांनी सांगितलं की लक्ष जास्त लागलं, काम जास्त झालं. सगळ्यात जास्त फायदा अशांना झाला ज्यांना हातातलं काम तडीस नेणं स्वभावतःच जड जातं. ज्यांचा कामावर मुळात चांगला ताबा होता त्यांना उलट कामाचं ओझं वाढल्यासारखं वाटलं. मला याचा अर्थ असा लागतो की ही माणसं मधल्या पाच मिनिटांच्या भटकंतीत श्वास घेत होती, आणि तीच काढून घेतली.

तेव्हा काकांना ब्लॉकरची गरज नसेल, आणि त्यांना तो हास्यास्पद वाटणं साहजिक आहे. म्हणून तो सगळ्यांसाठीच हास्यास्पद, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

जुनी_खिडकी

'एकदा लक्ष उडालं की परत यायला २३ मिनिटं लागतात' असं सगळीकडे छापलेलं असतं, तेही याच बाईंचं ना?

बे_एरियातून

हो, पण अर्धवट छापतात. माणसाला मूळ कामाकडे परतायला सरासरी २३ मिनिटं १५ सेकंद लागले, हे खरं. मात्र मधल्या वेळात ती माणसं रिकामी नव्हती, साधारण दोन वेगळी कामं करून मग परत येत होती. '२३ मिनिटं डोकं बधिर राहतं' असा त्याचा अर्थ नाही. ब्लॉकर विकणाऱ्यांना तो अर्थ सोयीचा आहे, एवढंच.

पेठेतला_अभ्यासू

सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतोय. अभ्यासिकेत वायफाय आहे, आणि दुर्दैवानं चांगलं आहे. माझा प्रश्न ताईंसारखाच आहे पण जरा उलटा. मला बंद करायच्या साइट्सची यादी करताच येत नाही. एक बंद केली की चालू घडामोडींच्या नावाखाली तिसरीच उघडते. बातमी वाचता वाचता खालच्या 'हेही वाचा' वरून कुठे जातो पत्ता लागत नाही, आणि 'अभ्यासच करतोय' असं मनाला सांगायला सोय असते. याला काय करायचं?

कऱ्हाकाठ

@पेठेतला_अभ्यासू, तुमच्यासाठी यादी उलटी करायची. लीचब्लॉकमध्ये पत्त्यांच्या जागी नुसती एक फुली-चांदणी टाकायची (कीबोर्डवर आठाच्या डोक्यावरची). म्हणजे सगळं जग बंद. मग खाली अधिक चिन्हानं लागतील तेवढ्याच साइट्स सोडवायच्या: आयोगाची साइट, राज्य शासनाची, पीआयबी (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय), एखादा शब्दकोश, तुमचे क्लासचे व्हिडिओ जिथे असतील ती. आठ-दहाच्या वर यादी जात नाही.

वर्तमानपत्राची साइट या यादीत घालू नका. पेपर कागदावर वाचा. अभ्यासिकेत येतच असेल. कागदावरच्या बातमीखाली 'हेही वाचा' आपोआप बदलत राहत नाही.

आणि वेगवेगळ्या वेळांसाठी वेगवेगळे संच करता येतात, तब्बल ३०. तुम्हाला दोन पुरेत. एक अभ्यासाच्या तासांचा, सगळं बंद असलेला. दुसरा उरलेल्या वेळेचा, ज्यात करमणुकीच्या साइट्स दिवसाला अमुक मिनिटं एवढीच मर्यादा. दुसरा संच नसेल तर पहिल्याचा दोन दिवसांत वीट येतो.

पेठेतला_अभ्यासू

हे भारी आहे. पण सेटिंग उघडून चांदणी काढून टाकली की झालं. मला माझी खात्री आहे. :)

बोरघाट

त्यालाही उपाय आहेत. लीचब्लॉकमध्येच 'साइट्स बंद असताना सेटिंग उघडू देऊ नको' असा पर्याय आहे. किंवा सेटिंग उघडायला आधी ३२, ६४ किंवा १२८ अक्षरांचा असंबद्ध कोड टाइप करायला लावतं. क्रोमवरच्या स्टेफोकस्ड नावाच्या एक्स्टेन्शनमध्ये 'चॅलेंज' आहे, अख्खा परिच्छेद एकही चूक न करता टाइप करायचा, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. इंग्रजी टायपिंगची परीक्षा असेल तर तीही तयारी होऊन जाईल.

आणखी कडक हवं असेल तर ब्राउझरच्या बाहेर पडा. विंडोज आणि मॅकवर कोल्ड टर्की आहे, त्यात 'फ्रोझन टर्की' लावला तर ठरलेल्या वेळेपर्यंत अख्खा संगणकच वापरू देत नाही. मॅकवर सेल्फकंट्रोल नावाचं फुकट अ‍ॅप आहे. एकदा घड्याळ लावलं की मशीन रीस्टार्ट करा, अ‍ॅप डिलीट करा, तरी वेळ संपेपर्यंत साइट उघडत नाही.

जुनी_खिडकी

मी थोडी विरुद्ध बाजू मांडते. एवढं कडक लावू नका, निदान ज्यांचं काम दुसऱ्यांवर अवलंबून आहे त्यांनी तरी नको. मी लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन करते. ग्राहकाला फोटो कुठे टाकायचा सुचेल याचा नेम नसतो. एक फेसबुकच्या मेसेजमध्ये टाकतो, दुसऱ्याचा इन्स्टावर. संध्याकाळी पत्रिका छापायला जायची आहे, नवऱ्यामुलाच्या आजोबांचं नाव इन्स्टाच्या मेसेजमध्ये आहे आणि इन्स्टा रात्री ८ पर्यंत उघडणार नाही, अशी वेळ आली की माणूस ब्लॉकरला कायमचा रामराम करतो.

माझ्याकडे चालतो तो प्रकार म्हणजे उशीर. लीचब्लॉकमध्येच आहे, पण सेटिंगमध्ये खोलात असल्यामुळे फारसं कुणी बघत नाही. साइट बंद न करता पान उघडण्याआधी थांबायला लावायचं. मुळात ६० सेकंद असतात, कमीजास्त करता येतात. समोर नुसते आकडे उतरत असतात. खरंच काम असेल तर मिनिटभर थांबणं काहीच नाही. नुसतीच खाज असेल तर वीस सेकंदांत मी टॅब बंद करते, कारण काय बघायला आले होते तेच आठवत नाही.

एक पळवाट आहे, दुसऱ्या टॅबवर जाऊन बसायचं आणि मिनिटानं परत यायचं. तीही बुजवता येते. पानावरून नजर हलली की मोजणी रद्द, अशी खूण सेटिंगमध्ये आहे. ती जरूर करा, नाहीतर ते मिनिट दुसऱ्याच साइटवर जातं.

कऱ्हाकाठ

@जुनी_खिडकी, हा उशिराचा प्रकार मी भिंतीइतका परिणामकारक समजत नव्हते. पण तुमचं आजोबांचं उदाहरण पटलं. व्हॉट्सॲप वेबला हाच लावून बघते. ते बंद करता येत नाही आणि उघडं ठेवता येत नाही.

अर्धा_कप

आणि ऑफिसच्या चॅटच्या टिंगटिंगचं काय? ती साइट ब्लॉक केली तर मीच ब्लॉक होईन. शिवाय ऑफिसच्या लॅपटॉपवर एक्स्टेन्शन बसवू देत नाहीत, होस्ट्स फाइलला हात लावायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो.

बोरघाट

ऑफिसच्या मशीनवर ऑफिसचं राज्य, तिथे शहाणपणा करू नका. पण काही गोष्टी काहीही न बसवता होतात. यूट्यूबच्या खात्यात 'पाहिल्याचा इतिहास' पुसून बंद करा. २०२३ पासून इतिहास बंद असला की पहिलं पान जवळपास कोरं येतं, फक्त शोधायची चौकट. दुसरं, ब्राउझरमध्ये कामाचं वेगळं प्रोफाइल करा, त्यात तुमच्या खासगी खात्यांनी लॉगिनच करू नका. पासवर्ड शोधून टाकायचा कंटाळा हा सर्वांत स्वस्त ब्लॉकर आहे. तिसरं, साइट्सना दिलेली नोटिफिकेशनची परवानगी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळी काढून टाका. चॅटच्या टिंगटिंगबद्दल मात्र साहेबांशी बोला, ते तंत्रज्ञानाच्या हातात नाही.

आता एक्स्टेन्शनचा विषय निघालाच आहे तर थोडं सावध करतो, कारण इथे बरेच जण वाचून लगेच बसवतील. ब्लॉकर बसवताना तो 'सर्व वेबसाइट्सवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागतो. त्याच्या कामाला ती लागते, तुम्ही कुठे आहात हे कळल्याशिवाय तो अडवणार कसा? पण तीच परवानगी चुकीच्या हातात गेली तर वाईट. ग्रेट सस्पेंडर नावाचं अतिशय लोकप्रिय एक्स्टेन्शन होतं, न वापरलेले टॅब झोपवायचं. २०२० मध्ये मूळ लेखकानं ते दुसऱ्याला दिलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलनं ते घातक म्हणून काढून टाकलं. वापरणाऱ्यांनी काहीच बदललं नव्हतं, मालक बदलला होता. त्याआधी २०१८ मध्ये साइट्सचं रूप बदलणारं स्टायलिश हे लोकांच्या भटकंतीची नोंद बाहेर पाठवताना सापडलं होतं.

म्हणून: एकसारखी चार एक्स्टेन्शनं बसवू नका, एकच ठेवा. ज्याचा कोड उघडा आहे (कुणालाही वाचता येतो) ते निवडा, लीचब्लॉकचा आहे. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात 'फक्त ठरावीक साइट्सवर' अशी मर्यादा घालता येते. अनहुकला फक्त यूट्यूब द्या, बाकीचं बघायचं त्याला कारण नाही. आणि बँकेचे व्यवहार एकही एक्स्टेन्शन नसलेल्या प्रोफाइलमधून करा.

निवृत्त_पण_जागृत

हे शेवटचं काम मी आजच करून टाकतो. बाकीचं तुमचं चालू द्या.

जुनी_खिडकी

बोरघाट, एक विचारायचं होतं. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन आहेच माझ्याकडे. त्यानं पानाचे तुकडे लपवता येतात असं ऐकलं. मग अनहुक वगैरे कशाला?

बोरघाट

बरोबर ऐकलंत. फायरफॉक्समध्ये नको त्या तुकड्यावर राइट क्लिक करून 'ब्लॉक एलिमेंट' म्हणा, तुकडा कायमचा गेला. शिफारशींची रांग, 'ट्रेंडिंग'ची चौकट, बातमीखालचं 'हेही वाचा', काहीही. पेठेतल्या भावालाही हे उपयोगाचं आहे. साइटनं पानाची रचना बदलली की तुकडा परत उगवतो, मग पुन्हा एकदा उडवायचा. क्रोममध्ये मात्र एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे मूळ यूब्लॉक ओरिजिन आता चालत नाही, तिथे त्याची 'लाइट' आवृत्ती मिळते. ती जाहिरातींना पुरते, पण मूळचं सगळं तिच्यात नाही. या एका कारणासाठी मी कामाला फायरफॉक्स ठेवलाय.

बे_एरियातून

अवांतर: ज्याच्यामुळे पान कधी संपतच नाही ती न संपणारी सरकपट्टी २००६ मध्ये एझा रास्किन यांनी तयार केली. 'पुढचे पान' वर टिचकी मारायचा त्रास वाचावा एवढाच हेतू होता. त्यांनी स्वतःच नंतर जाहीरपणे खेद व्यक्त केलाय. त्या टिचकीपाशी माणूस क्षणभर थांबून विचार करायचा. जुनी_खिडकी यांचे ६० सेकंद म्हणजे तीच टिचकी परत आणणं आहे.

अर्धा_कप

फोनचं काय पण? लॅपटॉपवर अडलं की हात फोनकडे जातो. हा सगळा धागा मी फोनवरच वाचलाय.

कऱ्हाकाठ

फोनवर दोन भाग आहेत. अ‍ॅप्ससाठी अँड्रॉइडमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, त्यातला फोकस मोड वेळेवर लावून टाका, निवडलेली अ‍ॅप्स करडी पडतात आणि उघडत नाहीत. आयफोनला 'स्क्रीन टाइम' आहे, पण त्याची मर्यादा 'आजचा दिवस सोडून दे' म्हणून एका बोटानं ओलांडता येते, म्हणून त्याचा पासकोड घरातल्या दुसऱ्याकडून घालून घ्या. ब्राउझरसाठी अँड्रॉइडवर फायरफॉक्स घ्या, त्यात एक्स्टेन्शनं बसतात. क्रोमच्या फोनवरच्या आवृत्तीत बसत नाहीत. मी मात्र फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. ग्राहकाचे फोन येतात म्हणून आवाज चालू.

पेठेतला_अभ्यासू

करून पाहिलं. चांदणी लावली, नऊ साइट्स सोडवल्या, कोड ६४ अक्षरांचा ठेवला. दोन अडचणी आल्या. एक, इन्कॉग्निटो (इतिहास न ठेवणाऱ्या) खिडकीत सगळं उघडं आहे. दुसरी, क्लासचा व्हिडिओ लिंकवरून उघडतो, पण यूट्यूबच्या आत शोधायला गेलो की अडवतं.

कऱ्हाकाठ

इन्कॉग्निटोत एक्स्टेन्शन आपोआप चालत नाही, परवानगी द्यावी लागते. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात 'अलाऊ इन इन्कॉग्निटो' चालू करा, फायरफॉक्समध्ये 'रन इन प्रायव्हेट विंडोज'. शोधाचं असं आहे की यूट्यूबवर शोधलं की पत्त्यात 'वॉच' ऐवजी 'रिझल्ट्स' येतं. त्या पत्त्याची आणखी एक ओळ अधिक चिन्हानं घाला. शोधायची चौकट पहिल्या पानावर असते आणि ते बंद आहे, तेव्हा क्लासचा एखादा व्हिडिओ उघडून त्याच्या डोक्यावरच्या चौकटीतून शोधा. आणि हे सगळं आत्ताच करून घ्या, तुमच्या अभ्यासाची वेळ सुरू झाली की सेटिंग उघडायला ६४ अक्षरं टाइप करत बसावं लागेल.